जॉर्ज बोवेन : पगार नाकारून चाळीस वर्षं मुंबईत राहिलेला मिशनरी

ठाकुरद्वार

मुंबईतल्या मिशनऱ्यांचा विषय निघाला की बोलणं विल्सन कॉलेजपाशी येऊन थांबतं. जॉन विल्सन मोठा माणूस होताच, त्यात वाद नाही. पण त्याच काळात याच शहरात जॉर्ज बोवेन नावाचा एक अमेरिकन चाळीस वर्षं राहिला, इथेच मेला, आणि कुलाब्यातल्या एका मेथडिस्ट चर्चच्या पाटीवर सोडलं तर त्याचं नाव आज कुठे भेटत नाही. मी स्वतः ख्रिस्ती नाही. तरी एकोणिसाव्या शतकात मुंबईत आलेल्या परदेशी माणसांत मला सगळ्यात जास्त आदर याच माणसाबद्दल वाटतो. का, ते सांगण्यासाठी हा धागा.

बोवेनचा जन्म १८१६ चा, अमेरिकेतल्या व्हर्मॉंट राज्यातल्या मिडलबरी गावचा. बाप व्यापारी, पुढे न्यूयॉर्कला स्थायिक झालेला. पोराला शाळेतून लवकर काढून दुकानावर बसवलं. पण पोरगं वाचनाने झपाटलेलं. फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, जर्मन या भाषा त्याने आपल्या आपण आत्मसात केल्या. संगीताचं अतोनात वेड. इतिहासकार गिबन वाचला आणि विशीच्या आतच देवाधर्मावरचा विश्वास पार उडाला. नंतर काही वर्षं युरोपात आणि पूर्वेकडच्या देशांत फिरणं झालं. म्हणजे पुढे आयुष्यभर धर्मोपदेश करणारा हा माणूस तरुणपणी पक्का नास्तिक होता, तोही अडाणीपणातून नव्हे, भरपूर वाचून झालेला.

न्यूयॉर्कला त्याचं एमा मॉरिस या मुलीवर प्रेम जडलं. तिला क्षय होता. १८४४ च्या सुरुवातीला ती गेली. जाताना आपलं बायबल तिने त्याच्यासाठी ठेवलं आणि हे वाचत जा, एवढंच मागणं मागितलं. त्याने ते वाचायला घेतलं आणि त्याच वर्षी त्याचं मन फिरलं. पुढे न्यूयॉर्कच्या युनियन सेमिनरीत धर्मशिक्षण घेतलं, १८४७ मध्ये दीक्षा झाली, त्याच उन्हाळ्यात बोस्टनहून जहाजात बसला आणि जानेवारी १८४८ मध्ये मुंबईला उतरला. लग्न त्याने कधीच केलं नाही.

त्या वेळची मुंबई डोळ्यांसमोर आणा. १८४९ च्या मोजणीत शहराची वस्ती ५,६६,११९ भरली. बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू व्हायला अजून पाच वर्षं होती, विद्यापीठ नव्हतं, किल्ल्याचा कोट उभा होता. बोवेन ज्याच्यातर्फे आला ते अमेरिकन मराठी मिशन मात्र पस्तीस वर्षं जुनं झालेलं. मिशनऱ्याला हे मिशन चालवणाऱ्या बोस्टनच्या बोर्डाकडून ठरलेला पगार मिळे. त्यात बंगला, नोकरचाकर, मुलांचं शिक्षण, गरज पडली तर मायदेशी हवापालट असं सगळं बसे. त्यात गैर काही नव्हतं. उष्ण हवेत पटकी-तापाने माणसं पटापट मरत होती, कुटुंबं सांभाळायची होती.

बोवेनला मात्र हे डाचू लागलं. रस्त्यावर उभं राहून बोलावं, तर ऐकणारा मनात म्हणतो, याला याचे पैसे मिळतात, हा बोलणारच. आणि त्याला उलट उत्तर देता येत नाही, कारण पैसे मिळतात हे खरंच असतं. आल्यानंतर थोड्याच काळात त्याने पगार सोडला. इंग्रजांची वस्ती सोडली. बाजारवस्तीत साध्या जागेत राहायला गेला आणि पोटापुरतं शिकवण्यांवर भागवू लागला. १८५५ मध्ये बोर्डाशी असलेला औपचारिक संबंधही संपला. भांडण मुळीच नव्हतं. जुन्या सहकाऱ्यांशी स्नेह शेवटपर्यंत टिकला.

इथे मी जरा रेंगाळतो, कारण माझ्या दृष्टीने सगळी गोष्ट इथे आहे. पगार सोडून मोठमोठी भाषणं देणं सोपं. पगार सोडून चाळीस वर्षं रोज तेच काम करत राहणं फार अवघड. मधल्या काळात कापसाच्या तेजीने मुंबईला वेड लागलं. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरला तिथला कापूस मिळेना, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६१ ते ६५ या चार वर्षांत बॅक बे भरून काढण्याच्या कंपन्यांचे शेअर घेऊन कारकूनही लखपती होत होते आणि ६५ मध्ये सगळं कोसळल्यावर शेठ लोकही देशोधडीला लागले. त्या सगळ्या धुमाकुळात हा माणूस शिकवण्या करतोय, सकाळ-संध्याकाळ रस्त्यावर मराठीत बोलतोय आणि रात्री ‘बॉम्बे गार्डियन’ या इंग्रजी पत्राची मुद्रितं तपासतोय. ते पत्र त्याने १८५० च्या दशकापासून मरेपर्यंत चालवलं. धर्मपुस्तिका काढणाऱ्या ट्रॅक्ट अँड बुक सोसायटीचं कामही त्याच्याकडे होतं. मायदेशी तो एकदाही गेला नाही.

आणि फळ काय? धर्मांतरांच्या हिशेबात पाहिलं तर जवळजवळ काहीच नाही. त्याचं बोलणं ऐकून बाप्तिस्मा घेतलेली माणसं शोधायला बसलं तर हाती फारसं लागत नाही. त्याला याचं दुःख होतं, आणि ते त्याने आपल्या रोजनिशीत लपवलेलं नाही. पण यश नाही म्हणून काम सोडलं नाही, आणि यश दिसावं म्हणून कुणाला आमिषही दाखवलं नाही. दाखवणार कुठून, जवळ काही नव्हतंच.

दुसरी गोष्ट चौपाटीची. १८५७ च्या जानेवारीपासून मेअखेरपर्यंत दर गुरुवारी संध्याकाळी समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात जाहीर वाद होत. विष्णुबावा म्हणजे माणगाव तालुक्यातल्या शिरवलीचे विष्णु भिकाजी गोखले. आधी सायर म्हणजे जकात खात्यात नोकरी, मग वैराग्य, मग सप्तशृंगीला तप, आणि १८५६ मध्ये मुंबईत येऊन वेदोक्त धर्मावर व्याख्यानं. ऐकायला गर्दी लोटे. आपल्या बाजूने इतक्या तडफेने मिशनऱ्यांना भर सभेत जाब विचारणारा माणूस मुंबईने तोवर पाहिला नव्हता. समोरच्या बाजूला बोलणाऱ्यांत बोवेन प्रमुख. आणि हे वाद इंग्रजीत लिहून, संपादून ‘डिस्कशन्स बाय द सी-साइड’ म्हणून त्याच वर्षी पुस्तकरूपाने काढले तेही बोवेननेच.

जरा विचार करा. ज्याचं म्हणणं खोडायला आपण उभे आहोत, त्याचे आक्षेप हा माणूस घरी जाऊन लिहून काढतो आणि छापतो. आज विष्णुबावा किनाऱ्यावर काय बोलले हे आपण वाचू शकतो, त्यात त्यांच्या प्रतिपक्षाचा मोठा हात आहे. मेअखेरीस सभा बंद पडल्या. मीरतच्या शिपायांच्या उठावाची बातमी तोवर आली होती आणि सरकारला असली गर्दी नको होती.

१८७१ च्या अखेरीस विल्यम टेलर हा मेथडिस्ट उपदेशक मुंबईत आला. त्याचा आग्रह असा की परदेशातून पैसा न आणता इथल्या लोकांनी आपल्या बळावर चर्चची मंडळी चालवावी. हे बोवेनच्या स्वभावाला धरूनच होतं. पुढच्या वर्षी तो मेथडिस्टांत सामील झाला. ५ फेब्रुवारी १८८८ रोजी तो मुंबईतच वारला.

जाणकारांनी भर घालावी.

---

रानजाई

सुंदर लिहिलंय. एमा मॉरिसची गोष्ट माहीत नव्हती.

अमेरिकन मिशनबद्दल बोलताना बायकांना विसरू नका, एवढंच म्हणते. १८२४ मध्ये या मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली आणि १८२७ च्या अखेरीला सिंथिया फरार मुंबईत उतरली. तिशी ओलांडलेली, अविवाहित, एकटी. त्या बोर्डाने परदेशी पाठवलेल्या अगदी पहिल्या अविवाहित बायकांपैकी ती एक. तोपर्यंत बाई जाणार ती बहुतेक मिशनऱ्याची बायको म्हणूनच. बारा वर्षं तिने मुंबईत मुलींच्या शाळा चालवल्या, मग १८३९ मध्ये अहमदनगरला गेली आणि १८६२ मध्ये तिथेच वारली. जोतीराव फुले मित्राबरोबर अहमदनगरला गेले तेव्हा फरारबाईंच्या शाळा पाहून आले आणि मग पुण्यात मुलींची शाळा काढली, हे त्यांनी स्वतःच मिशनच्या ‘ज्ञानोदय’ पत्रात १८५३ साली सांगितलेलं आहे. सावित्रीबाईंच्या शिक्षणाच्या संदर्भातही त्यांचं नाव येतं.

बोवेनच्या पदरी ‘फळ’ नाही म्हणताय, पण फरारबाईंनी तरी आपल्या कामातून पुढे काय उगवेल याची कल्पना केली असेल का?

---

स्पष्टवक्ता

लेख चांगला आहे, पण मला काही गोष्टी खटकल्या त्या सांगतो.

पहिली. पगार सोडला म्हणून हेतू बदलत नाही. हा माणूस आपल्या लोकांचा धर्म खोटा आहे हे सांगायलाच इथे आला होता. आपल्या देवांविषयी, व्रतांविषयी मिशनरी रस्त्यावर काय भाषा वापरत, ते त्यांच्याच पत्रकांत सापडतं. साधेपणाने राहून तेच सांगितलं तर ते जास्त परिणामकारक होतं, एवढाच फरक.

दुसरी. १८४३ चं श्रीपत शेषाद्री प्रकरण बघा. नारायण शेषाद्रीने बाप्तिस्मा घेतला, त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, जेमतेम बारा वर्षांचं पोर, मिशनऱ्याच्या घरी राहत होता. आईबापांना कोर्टात जावं लागलं तेव्हा मुलगा परत मिळाला. आणि परत आल्यावर त्याला जातीत घ्यायचं की नाही यावरून आपल्याच लोकांनी केवढा गहजब केला. बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्ताच्या बाजूने उभे राहिले म्हणून, नाहीतर त्या पोराचे हाल कुत्र्याने खाल्ले नसते. एका घराची अशी राखरांगोळी होते तेव्हा ‘आमिष नव्हतं’ हे उत्तर पुरत नाही.

तिसरी. वादविवादाची नोंद प्रतिपक्षाने ठेवली हे कौतुक ठीक, पण ती नोंद प्रतिपक्षाची आहे हेही ध्यानात हवं.

---

ठाकुरद्वार

@स्पष्टवक्ता, तिन्ही मुद्दे रास्त आहेत.

पहिल्यावर माझं म्हणणं एवढंच की बोवेनने आपला हेतू झाकला नाही. इतर धर्म चुकीचे आहेत असं त्याला मनापासून वाटे आणि तो ते उघड बोले. मला ते पटत नाही. पण ज्या गोष्टीसाठी माणूस स्वतःचं घरदार आणि म्हातारपणाची सोय देऊन टाकतो, ती गोष्ट त्याला खरी वाटत होती याबद्दल शंका घ्यायला जागा राहत नाही. आणि समोरच्याची निष्ठा खरी आहे हे एकदा मान्य केलं की त्याच्याशी वाद घालण्याची पद्धत बदलते. विष्णुबावांनी नेमकं हेच केलं. मारामारीची, बहिष्काराची भाषा न करता ते किनाऱ्यावर जाऊन उभे राहिले.

श्रीपतच्या बाबतीत तुमच्याशी पूर्ण सहमत. त्या वयाच्या मुलाला ठेवून घेणं चूकच होतं. ते प्रकरण स्कॉटिश मिशनचं आणि बोवेन येण्याआधीचं, पण म्हणून ते बाजूला सारावं असं मी म्हणणार नाही. १८३९ मध्ये धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांच्या बाप्तिस्म्यावरूनही कोर्टकज्जे झाले होते आणि विल्सनच्या शाळेतली मुलं धडाधड कमी झाली होती. शहर या विषयावर किती तापलेलं होतं हे त्यावरून कळतं. म्हणूनच ५७ साली चौपाटीवर इतके महिने शिस्तीत बोलणं चाललं याचं मला जास्त अप्रूप वाटतं.

---

माणगावची

आमच्या तालुक्याचं नाव आलं म्हणून लिहिते. शिरवली आमच्या घरापासून लांब नाही.

विष्णुबावांच्या बाजूची नोंदही आहे. त्यांच्या मृत्यूनंतर, १८७२ मध्ये, ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ मराठीत छापला गेला. दोन्ही शेजारी ठेवून वाचायला हवीत, तर स्पष्टवक्ता यांचा तिसरा मुद्दा नीट तपासता येईल.

पण बावांना नुसते ‘मिशनऱ्यांना उत्तर देणारे’ म्हणून ओळखणं मला कमी वाटतं. ‘वेदोक्त धर्मप्रकाश’ १८५९ चा. त्याहून मला महत्त्वाचा वाटतो तो १८६७ चा ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंध’. त्यात ते म्हणतात, सगळी प्रजा एक कुटुंब मानावी, जमीन सगळ्यांची, पिकलेलं धान्य गावाच्या सामायिक कोठारात, ज्याला जेवढं लागेल तेवढं त्याने न्यावं, कपडेलत्ते तसेच, आणि मुलं पाच वर्षांची झाली की त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी राज्याने घ्यावी. त्याच साली जर्मनीत मार्क्सच्या ‘भांडवल’चा पहिला खंड निघाला, ज्याचा बावांना पत्ता असण्याचं कारण नाही. कोकणातला एक ब्रह्मचारी शेअरबाजार कोसळून दोन वर्षं झालेल्या मुंबईत बसून हे लिहितो! या निबंधाचं दोन वर्षांत इंग्रजी भाषांतरही झालं. बावा १८७१ मध्ये मुंबईतच गेले, वय अवघं पंचेचाळीस.

आता बघा, एकीकडे पगार सोडलेला बोवेन, दुसरीकडे खासगी मालकीच नको म्हणणारे बावा. दोघे गुरुवारी संध्याकाळी समोरासमोर. पैशाच्या बाबतीत या दोघांचं किती जुळलं असतं!

---

खिळाजुळारी

धाग्याचा विषय बोवेन आहे, तरी ‘मिशनऱ्यांनी दिलं काय, फार तर छापखाना’ असं लोक म्हणतात तेव्हा नेहमी हळहळ वाटते, म्हणून छापखान्यावर थोडं लिहितो. आमच्या घराचं पोट त्यावर चाललं.

अमेरिकन मिशनचा छापखाना १८१६-१७ मध्ये मुंबईत उभा राहिला. सुरुवातीचे देवनागरी खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, बंगालमधून आणावे लागले. बोजड, मोठाले. पुढे थॉमस ग्रॅहम नावाचा मुद्रक या छापखान्यात आला आणि त्याच्या देखरेखीखाली इथेच साचे करून बारीक, सुबक खिळे ओतायला सुरुवात झाली. याच छापखान्यात दहा-बारा वर्षांचा एक पोरगा खिळे घासायला लागला. त्याचं नाव जावजी दादाजी. या पोराने पुढे १८६४ मध्ये स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. संस्कृत ग्रंथांच्या निर्णयसागर प्रती आजही अभ्यासक डोळे मिटून घेतात, कारण तितकी शुद्ध आणि देखणी छपाई दुसरीकडे मिळत नसे. त्याच्याही आधी गणपत कृष्णाजींनी मिशनची छपाई पाहून स्वतःचा छापखाना घातला आणि पंचांग छापलं. शाईत चरबी असते म्हणून सोवळी मंडळी छापील कागदाला हात लावेनात, तेव्हा त्यांनी तुपाची शाई केली. माडगावकरांच्या १८६३ च्या ‘मुंबईचे वर्णन’मध्ये त्या काळच्या छापखान्यांची हकिकत आहे, जरूर वाचा.

माझे वडील गिरगावातल्या एका छापखान्यात जुळारी होते. लहानपणी डबा द्यायला गेलो की त्यांच्या शेजारी उभा राहायचो. समोर खिळ्यांची उतरती लाकडी केस, तिचे शेकडो खण, डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक. मराठी मजकूर जुळवणं इंग्रजीच्या कितीतरी पट किचकट. डिग्रीच्या खिळ्यात एक ओळ तीन थरांत बसते. मधल्या थरात अक्षर, वरच्यात वेलांटी, मात्रा, अनुस्वार, खालच्यात उकार. ‘केंद्रीय’ म्हटलं की वडिलांचा हात केसवर चार-पाच ठिकाणी जाऊन यायचा, तेही न बघता, आणि सगळं उलटं वाचत. अखंड खिळ्यात मात्रा-वेलांटीसकट पूर्ण अक्षर एका खिळ्यावर असतं, म्हणजे थर नाहीत, पण खण मोजता मोजता जीव जातो. शिसं बोटांत मुरायचं. जेवण्याआधी वडील साबणाने दोन-दोनदा हात धूत, तरी नखांच्या कडा काळ्याच.

ग्रॅहमला हे सगळं परक्या लिपीत करायचं होतं. कुठला जोड कुठे मोडतो, रफार कुणाच्या डोक्यावर बसतो, हे त्याला इथल्या कारागिरांकडून शिकावं लागलं असणार. आणि कारागिरांनी त्याच्याकडून ओतकाम घेतलं. धर्म कुणी कुणाचा घेतला नाही, हुन्नर मात्र दोघांनी एकमेकांचा घेतला.

---

ठाकुरद्वार

खिळाजुळारी, या प्रतिसादाने धाग्याचं सोनं केलंत. ‘फार तर’वाला सूर माझ्या लेखात नव्हता, पण विल्सनच्या पलीकडे कुणी बघत नाही ही खंत आपली दोघांची एकच.

---

भायखळा_पूर्व

आमचं कुटुंब तीन पिढ्या याच मिशनच्या मंडळीतलं. घरी मराठी बोलतो, मराठीत उपासना, मराठी गायनं. लोक अजून विचारतात, ‘तुम्ही ख्रिश्चन, मग मराठी इतकं छान कसं?’ असो.

बोवेनच्या पगाराचं वाचून नारायण वामन टिळक आठवले. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईतच झाला आणि मग पुष्कळ वर्षं ते अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करत होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. कारण बोवेनच्या कारणाच्या अगदी जवळचं. जोवर ख्रिस्ती उपदेशक परदेशी पैशावर जगतो, तोवर या देशातल्या माणसाला तो आपला वाटणार नाही, संन्यासी वाटला तर ऐकेल. टिळक १९१९ मध्ये मुंबईतच गेले. बोवेन परदेशातून येऊन ज्या जागी पोचला, तिथे टिळक तुकारामाच्या वाटेने पोचले. आमच्या मंडळीत आजही टिळकांची भजनं झांजा-तबल्यावर म्हणतात. लहानपणी मला ती अभंगच वाटायची, आणि एका अर्थी ती आहेतच.

श्रीपतच्या प्रकरणाबद्दल स्पष्टवक्ता यांनी लिहिलं ते आमच्या घरातही कुणी नाकारणार नाही. दुसऱ्या बाजूने एवढंच सांगते, आमच्या पणजोबांना गावात विहिरीवर पाणी भरू देत नव्हते. मिशनच्या शाळेत ते पहिल्यांदा बाकावर बसले. त्यांनी काय म्हणून धर्म बदलला, याचा हिशेब पगार आणि आमिष या दोनच रकान्यांत बसत नाही.

---

स्पष्टवक्ता

@भायखळा_पूर्व, तुमच्या पणजोबांच्या बाबतीत माझ्याकडे उत्तर नाही, आणि ते मी देऊही नये. मिशनच्या पद्धतीवरचे माझे आक्षेप कायम आहेत. टिळकांबद्दल मात्र लहानपणापासून प्रेम आहे, ‘देवाचा दरबार’ची पार्श्वभूमी अशी आहे हे माहीत नव्हतं.

---

देवनार_डेपो

विसाव्या शतकातलं एक उदाहरण घालतो. क्लिफर्ड मॅनशार्ट याच मिशनचा. १९२५ मध्ये मुंबईत आला, शिकागोहून डॉक्टरेट केलेला. त्याने नागपाड्यात गिरणी कामगार आणि गोदीवाल्यांच्या दाट वस्तीत नागपाडा नेबरहुड हाउस उभं केलं. दवाखाना, वाचनालय, रात्रीचे वर्ग, खेळ, सगळ्या धर्मांच्या लोकांसाठी, आणि तिथे धर्मप्रचार करायचा नाही हे त्याने ठरवून घेतलेलं. नागपाड्याची बास्केटबॉलची परंपरा त्या आवारातूनच वाढली.

टाटा ट्रस्टच्या लोकांशी बोलता बोलता त्याने मांडलं की नुसती दानं देऊन भागत नाही, समाजकार्य शिकवणारी शाळा हवी. १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं, त्याच नागपाड्याच्या इमारतीत, वीस विद्यार्थ्यांनिशी, आणि पहिला संचालक मॅनशार्ट. ते १९४८ मध्ये अंधेरीला आणि १९५४ मध्ये आमच्या देवनारला आलं. आज आपण ज्याला टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) म्हणतो ते हेच.

---

रानजाई

टिसचं मूळ नागपाड्यात! तिथे शिकलेल्या माझ्या बहिणीला आत्ताच पाठवला हा प्रतिसाद.

एक प्रश्न धागाकर्त्याला. ज्या किनाऱ्यावर वाद झाले तो आजच्या चौपाटीवर नेमका कुठे? विल्सन कॉलेजच्या समोर?

---

ठाकुरद्वार

विल्सन कॉलेजची ती इमारत १८८९ ची, म्हणजे वादानंतर तीस-बत्तीस वर्षांनी आणि बोवेन गेल्यावर बांधून पुरी झालेली. १८५७ मध्ये बॅक बेचा किनारा पार वेगळा होता. चर्चगेटकडे जाणारा रेल्वेचा रूळ नव्हता, मरीन ड्राइव्ह तर विसाव्या शतकातला. आजच्या मरीन लाइन्स, चर्नी रोडच्या पट्ट्यापर्यंत वाळू आणि पाणी होतं. त्यामुळे अमुक खांबापाशी असं बोट ठेवून मी सांगणार नाही. गिरगावातून चालत येणाऱ्या माणसाला संध्याकाळी सहज पोचता येईल अशी जागा, एवढं धरून चाला.

---

माणगावची

@ठाकुरद्वार, दोन्ही पुस्तकं समोरासमोर ठेवून वाचायचं मी मनावर घेतेय. मराठी मी वाचते, इंग्रजी तुम्ही वाचा. एका गुरुवारचा वाद निवडू आणि त्यात विष्णुबावांच्या तोंडी दोन्हीकडे काय घातलंय ते ओळीला ओळ लावून पाहू. मला पुनर्जन्मावरचा भाग घ्यावासा वाटतो. स्पष्टवक्ता यांनी मधे बसावं.

---

स्पष्टवक्ता

बसतो. पण सुरुवात अवतारकल्पनेपासून करू, तिथे दोन्ही बाजूंची खरी कसोटी लागते.

---

ठाकुरद्वार

चालेल, अवतारापासून. नवा धागा मी काढतो आणि दुवा इथे देतो. खिळाजुळारी, तुम्ही ७२ सालच्या प्रतीची छपाई बघून ती कुठल्या वळणाची वाटते ते सांगा, त्यासाठी पहिल्या पानाचं छायाचित्र तिथे लावायची व्यवस्था करतो.